घाटाखालचा वेढा : प्रस्तावना

अहमदनगरच्या निजामशाहीची गोष्ट मराठी वाचकाला ओळखीची आहे. मलिक अहमदने भिंगारजवळ वसवलेले शहर, भुईकोट किल्ला, तालिकोटची लढाई, मोगलांपुढे उभी राहिलेली चांदबिबी, मलिक अंबर आणि भातवडी. या गोष्टीत घोडी धावतात, तोफा धडाडतात, घाटवाटा अडवल्या जातात. समुद्र मात्र तीत फारसा येत नाही. सुमारे दीडशे वर्षे टिकलेल्या या राज्याला चौलसारखे बंदर होते. तिथे अरबी-इराणी घोडी उतरत, कापड बाहेर जाई, हजचे यात्रेकरू जहाजात चढत. हे सगळे आपण एखाद्या ओळीत उरकतो. हे पुस्तक त्या ओळीतून निघाले आहे. त्यातही ते आहे 1570-71 या वर्षाचे आणि त्या वर्षी निजामशहाच्या आड आलेल्या एका माणसाचे.

हा माणूस म्हणजे दॉम लुईस दे अताईद, गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय. चौलच्या मोर्च्यावर तो स्वतः उभा नव्हता. तो गोव्यात होता, आणि तिथे आदिलशहाने त्याला कोंडले होते. पण चौल राखायचे की सोडून द्यायचे, हा निर्णय त्याचा होता. वेढ्याचे सगळे भवितव्य त्या निर्णयावर ठरले. हा निर्णय घेणारा माणूस कोणत्या मुशीतून आला होता, हे पाहिल्याशिवाय चौलचा वेढा नीट उमगत नाही, म्हणून सुरुवात जरा लांबून करावी लागते.

1541 साली गोव्याचा गव्हर्नर एस्तेव्हांव द गामा, म्हणजे वास्को द गामाचा मुलगा, तांबड्या समुद्रात आरमार घेऊन गेला. सुएझला नांगरलेली तुर्की जहाजे जाळायची, असा बेत होता. तो साधला नाही. परतताना त्याने सिनाई पर्वताच्या पायथ्याशी, तोर बंदरात, आपल्याबरोबरच्या काही तरुण सरदारांना नाइट ही पदवी दिली. विशीतला अताईद त्यांच्यात होता. पुढे सहा वर्षांनी तो पोर्तुगालच्या राजाचा वकील म्हणून सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेला, तेव्हा जर्मनीत ख्रिस्ती लोकांचेच आपसातले युद्ध पेटले होते. मार्टिन ल्यूथरच्या मताचे राजे एका बाजूला, पोपला मानणारा सम्राट दुसऱ्या बाजूला. 24 एप्रिल 1547 रोजी एल्ब नदीकाठी म्यूलबर्ग इथे सम्राटाच्या फौजेने नदी ओलांडली आणि सॅक्सनीचा अधिपती योहान फ्रीडरिश याला पकडले. वकील म्हणून गेलेला अताईद त्या दिवशी तलवार घेऊन रणात उतरला. पोर्तुगीज लेखक एक किस्सा आवडीने सांगतात. लढाईनंतर सम्राट त्याला नाइट करू लागला, तेव्हा अताईद म्हणाला की हा मान मला सिनाईपाशीच मिळाला आहे. त्यावर सम्राटाने त्याचा हेवा केला म्हणे. किस्सा घासूनपुसून गोंडस झालेला असणार. पण अताईद स्वतःला काय समजत होता आणि लोकांनी त्याला काय समजावे असे त्याला वाटत होते, हे त्यातून नेमके कळते. टिशियनने म्यूलबर्गचा सम्राट घोड्यावर, हातात भाला घेतलेला असा रंगवला. ते चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. अताईदच्या मनात युद्धाचे जे रूप ठसले होते, ते याच जातीचे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वाचकाला हे सारे परके वाटायचे कारण नाही. या जिल्ह्यात ख्रिस्ती धर्माचे दोन्ही प्रवाह नांदत आले आहेत. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात नगरमध्ये शाळा काढल्या, चर्च बांधली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव या शहराशी कायमचे जोडले गेले. हा प्रॉटेस्टंट प्रवाह. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते आणि लाखो माणसे जमतात, त्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. हा कॅथलिक प्रवाह. आज एकाच तालुक्यात, कधी एकाच गावात राहणाऱ्या या दोन पंथांनी युरोपात शंभरावर वर्षे एकमेकांची गावे जाळली. त्या भांडणातला एक सरदार नगरच्या सुलतानाशी लढला. नगरचा कॅथलिक जगाशी पहिला मोठा सामना मिशनऱ्यांच्या कितीतरी आधी, तोफांच्या तोंडी झाला.

नगरलाही पंथभेदाचे युद्ध नवे नव्हते. इराणातून परागंदा होऊन आलेला शाह ताहिर हा विद्वान बुरहान निजामशहाच्या दरबारात स्थिरावला आणि 1537 साली बुरहानने शिया पंथ स्वीकारला. राजाचा पंथ तोच राज्याचा पंथ, हा हिशेब युरोपातही त्याच सुमारास मांडला जात होता. 1555 च्या ऑग्सबर्गच्या तहाने जर्मनीत तो कागदावर आला. नगरमध्ये सुन्नी मंडळींनी मोठा गदारोळ केला, आणि हा वाद पुढे दखनी विरुद्ध परदेशी या भांडणात मिसळला. 1589 नंतर जमालखान या सेनापतीने महदवी पंथाला राजमान्यता देऊन टाकली. परदेशी मुसलमानांची शहरात कत्तल झाली, आणि 1591 साली रोहिणखेडच्या लढाईत जमालखान पडला तेव्हा ते प्रकरण मिटले. धर्मावरून रक्त सांडणे ही गोष्ट अताईदने युरोपातून इथे आणली नाही. दोन्हीकडे ती आधीच रुजलेली होती. या पुस्तकात एका बाजूला धर्मवेडे पोर्तुगीज आणि दुसऱ्या बाजूला भोळेभाबडे दख्खनी, अशी मांडणी म्हणूनच केलेली नाही.

पोर्तुगीजांची बाजू धुवून काढण्याचाही इथे हेतू नाही. अताईद 1568 साली गोव्यात आला, त्याच्या आठ वर्षे आधी तिथे इन्क्विझिशन सुरू झाले होते. साष्टीतली देवळे 1567 साली पाडली गेली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, असे देव आणि देवांची माणसे खाडीपलीकडे, आदिलशाही मुलखात गेली होती. अताईदने आल्यावर होन्नावर आणि बसरूर घेतले. चौलमध्ये लढलेल्या पाद्र्यांच्या आणि सैनिकांच्या डोक्यात हे युद्ध देवाचे होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्याच वर्षी, 7 ऑक्टोबर 1571 रोजी, भूमध्य समुद्रात लेपांतोला पोप, स्पेन आणि व्हेनिस यांच्या पवित्र संघाने तुर्की आरमार बुडवले, आणि सगळ्या कॅथलिक जगाने घंटा वाजवल्या.

इकडे हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर संघ दुसऱ्या बाजूने झाला होता. 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर मोडले, आणि एकत्र येण्याची चव चाखलेल्या सुलतानांची नजर किनाऱ्याकडे वळली. विजापूरच्या अली आदिलशहाने गोवा घ्यायचा, नगरच्या मुर्तझा निजामशहाने चौल घ्यायचे, आणि कालिकतच्या सामुतिरीने मलबारात चाल्यमचा किल्ला घ्यायचा, असे ठरले. अली आणि मुर्तझा यांचे तर साटेलोटे होते. मुर्तझाची बहीण चांदबिबी अलीला दिलेली, अलीची बहीण मुर्तझाला. दोन मेहुण्यांनी एकाच वेळी दोन बंदरांवर चाल केली.

रागाची कारणे जुनी आणि व्यवहारातली होती. पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय जहाज हाकारता येत नसे. मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजालाही त्यातून सूट नव्हती. होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावर त्यांचा हात होता, आणि घोडी मिळाली नाहीत तर दख्खनच्या कोणत्याही सुलतानाचे लष्कर पांगळे. निजामशहांनी त्यांना 1521 साली चौलमध्ये किल्ला बांधू दिला, तो गुजरातच्या आणि इतरांच्या उपद्रवावर तोडगा म्हणून. पुढे हेच पाहुणे डोईजड झाले. खाडीपलीकडच्या कोर्लईच्या टेकडीवर किल्ला बांधावा असे हुसेन निजामशहाने मनात आणले, तेव्हा पोर्तुगीजांनी त्याला रोखले. आपल्याच बंदराच्या तोंडावर आपल्याला तट बांधता येऊ नये, हे शल्य हुसेनच्या मुलाच्या, मुर्तझाच्या वाट्याला आले.

1570 च्या अखेरीस निजामशाही फौजेची आघाडी चौलसमोर येऊन ठेपली. पाठोपाठ मुर्तझा स्वतः आला. आई खुंझा हुमायून हिच्या कारभारातून सुटून तो नुकताच स्वतः राज्य पाहू लागला होता. पोर्तुगीज लेखक त्याच्या फौजेचे आकडे दीड लाखापर्यंत नेतात. जिंकलेल्यांच्या लेखणीत शत्रू नेहमीच फुगतो, पण फौज मोठी होती आणि तिच्याबरोबर नगरच्या तोफा होत्या, एवढे नक्की. समोर काय होते? वरचे चौल निजामशहाचेच. खालचे चौल, म्हणजे आजचे रेवदंडा, पोर्तुगीजांचे. त्यात एक लहान किल्ला आणि त्याभोवती धड तटबंदी नसलेले गाव. आज रेवदंड्यात नारळी-पोफळीच्या वाड्यांभोवती जो तट दिसतो, त्याचा बराचसा भाग या वेढ्याने दिलेल्या धड्यानंतरचा. 1571 साली लोकांनी घाईघाईने चर खणले, घरांच्या भिंतींना जंग्या पाडल्या, मठांचे बुरूज केले. निजामशाही तोफांनी एकेक घर पाडायचे आणि पोर्तुगीजांनी मागच्या घरात सरकायचे, अशी ती लढाई महिनोन्‌महिने चालली.

गोव्यात अताईदच्या सल्लागारांचे म्हणणे सरळ होते. दोन आघाड्या पेलवणार नाहीत, चौल सोडा, माणसे गोव्याला आणा, राजधानी वाचवा. आदिलशहा फोंड्याकडून येऊन बाणस्तारीच्या खाडीपलीकडे ठाण मांडून बसला होता, तेव्हा हा सल्ला भित्रेपणाचा म्हणता येणार नाही. अताईदने तो मानला नाही. उलट फ्रान्सिस्को मास्कारेन्यास याला कुमक देऊन समुद्रमार्गे चौलला धाडले. चौलचा कप्तान लुईस फ्रेइरे दे आंद्रादे तिथे आधीच झुंजत होता. एवढ्यावरच अताईद थांबला नाही. मिरी घेऊन दरसाल लिस्बनला जाणारी जहाजे अडवून ठेवा, त्यांवरची माणसे लढायला वापरा, असे सुचवले गेले, तरी त्याने ती जहाजे नेहमीप्रमाणे रवाना केली. वेढ्यात अडकलेल्या माणसाने तोफांच्या आवाजात व्यापाराचे वेळापत्रक पाळले. यात बढाई होती, तसा हिशेबही होता. पोर्तुगीजांचे राज्य म्हणजे समुद्रकाठी ओवलेली ठाणी. त्यांतले एक आपण होऊन सोडले की बाकीच्यांची किंमत उतरते, आणि कार्ताझचा कागद कोणी मानत नाही. म्यूलबर्गला त्याने एका दिवसात नदी ओलांडून जिंकण्याचे युद्ध पाहिले होते. चौलला त्याने न हटण्याचे युद्ध लढवले. पहिल्यात धिटाई लागते, दुसऱ्यात गोदामाची किल्ली सांभाळणाऱ्याचा चिवटपणा. अताईदकडे दोन्ही होते.

आता नगरच्या बाजूकडे वळू. नगरच्या तोफखान्याला कमी लेखणे मोठी चूक ठरेल. विजापूरला गेलेल्या प्रत्येकाने मुलूख-मैदान तोफ पाहिलेली असते, पण ती नगरला ओतली गेली हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. बुरहान निजामशहाच्या काळात, 1549 साली, मुहंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती घडवली. तोफेचे तोंड सिंहासारख्या श्वापदाच्या जबड्याचे आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडतो आहे. तोंडाचा घेर एवढा की माणूस आत बसावा. ती चौलला नेल्याचा पुरावा नाही, आणि एवढे धूड घाट उतरवणे हेही सोपे काम नव्हे. पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून ती विजापूरला गेली. पण ती घडवणाऱ्याच्या नावातला ‘रूमी’ लक्षात घ्यावा. तो तुर्कांच्या मुलखातला माणूस. ज्या तुर्की तोफखान्याने पाचव्या चार्ल्सला डॅन्यूबकाठी आणि भूमध्य समुद्रात घाम फोडला, त्याच विद्येची एक शाखा नगरच्या ओतशाळेत वाढली होती. म्यूलबर्गहून आलेल्या सरदाराच्या ठाण्यावर 1571 साली ही विद्या चालून गेली.

तोफा चांगल्या, फौज मोठी, सुलतान स्वतः हजर. मग चौल पडले का नाही? इतिहासकार फेरिश्ताने कारण दिले आहे. निजामशाही सरदारांना पोर्तुगीजांनी नजराणे पाठवून फोडले, आणि त्या नजराण्यांत दारू मुख्य होती, असे तो म्हणतो. फेरिश्ताचे बालपण आणि तारुण्य नगरच्या दरबाराच्या सावलीत गेले होते, म्हणून त्याचा शब्द वाऱ्यावर सोडता येत नाही. फितुरी झालीच असणार. अताईद स्वतः गोव्यात आदिलशाही छावणीतली माणसे फोडण्याच्या मागे होताच. पोर्तुगीज लेखक यश आपल्या शौर्याला आणि देवाच्या कृपेला देतात. मला या दोन्ही उत्तरांनी समाधान होत नाही.

उत्तर त्या संघातल्या तिसऱ्या भागीदाराकडे आहे. तिघांपैकी अलीला गोवा मिळाला नाही, मुर्तझाला चौल मिळाले नाही. सामुतिरीने मात्र 1571 सालीच चाल्यमचा किल्ला घेतला आणि जमीनदोस्त केला. तो किल्ला सोडणाऱ्या पोर्तुगीज किल्लेदाराला पुढे गोव्यात मृत्युदंड झाला. सामुतिरीची फौज नगरच्या फौजेपुढे लहान, त्याच्या तोफा नगरच्या तोफांपुढे किरकोळ. त्याच्याजवळ होते ते मलबारच्या मरक्कार दर्यावर्द्यांचे आरमार. चाल्यमला समुद्राकडून मदत पोहोचू शकली नाही. चौलला ती पोहोचत राहिली. सामुतिरीची गलबते एकदा चौलच्या खाडीत शिरली, झुंजलीही, पण खाडीचे तोंड बंद करून बसावे एवढा वेळ ती टिकली नाहीत. तीन बाजूंनी आवळलेला फास चौथ्या बाजूने सैलच राहिला. पावसाळ्यात समुद्र बंद होईतो माणसे, दारूगोळा आणि धान्य आत आले होते. त्यानंतर चिखलात उघड्यावर राहिली ती वेढा घालणारी फौज. जूनच्या अखेरीस मोठा हल्ला झाला, तो फसला. जुलैत तह झाला. वर्षाच्या शेवटी आदिलशहानेही तह केला.

या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे. नगरचे राज्य चौलला हरले ते तोफांत नव्हे, शौर्यात नव्हे, केवळ फितुरीमुळेही नव्हे. ज्या बंदराच्या जकातीवर आणि घोड्यांवर त्याचे लष्कर जगत होते, त्या बंदरापुढचा समुद्र त्याने कधी आपला मानला नाही. या एका चष्म्यातून पुढचीही घटना पाहावी. 1594 साली दुसऱ्या बुरहान निजामशहाने अखेर कोर्लईच्या टेकडीवर किल्ला बांधून खाडीवर तोफा रोखल्या. पोर्तुगीजांनी तो किल्लाच जिंकून घेतला. धडा 23 वर्षांपूर्वीचा, फळा तोच. कोर्लई गावातल्या कॅथलिक वस्तीत आजही पोर्तुगीजातून जन्मलेली बोली बोलली जाते. नगरच्या त्या फसलेल्या डावाची ती जिती खूण आहे.

साधनांबद्दल थोडे. पोर्तुगीज बाजूने या वेढ्याची वर्णने लवकर छापली गेली. आंतोनियो दे कास्तील्यो याचा गोवा-चौलच्या वेढ्यांवरचा ग्रंथ दोन वर्षांतच लिस्बनला निघाला. दियोगो दो कूतो आणि आंतोनियो पिंतो परेरा यांनी पुढे तपशील भरला. ही सगळी माणसे अताईदचे चाहते आहेत, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागतात. नगरच्या बाजूने फेरिश्ता आणि ‘बुरहान-ए-मआसिर’ हे आधार. डॉ. भ. ग. कुंटे यांनी हे फार्सी ग्रंथ मराठीत आणून आपल्यावर मोठे उपकार करून ठेवले आहेत. दोन्ही बाजूंच्या लेखनात एक साम्य आहे. सरदारांची नावे आहेत. खंदक खणणारे बेलदार, तोफा ओढणारे, चौलच्या पाडलेल्या घरांतले विणकर आणि खाडीतले कोळी यांची नावे नाहीत. जिथे जिथे त्यांचा पुसट उल्लेख सापडला, तिथे पुस्तकात मुद्दाम थांबलो आहे.

दोन्ही मुख्य पात्रांचा शेवटही सांगून ठेवतो, कारण पुस्तक वेढ्याच्या वर्षापाशी थांबते. अताईद लिस्बनला परतला तेव्हा राजा सेबास्तियनने त्याची मिरवणूक काढली. पण मोरोक्कोच्या मोहिमेची वेळ आली, तेव्हा त्या तरुण राजाला या सावध म्हाताऱ्याचा सल्ला जड झाला आणि त्याने त्याला पुन्हा गोव्याला धाडले. 1578 साली अल्कासेर-किबीरच्या रणात सेबास्तियन फौजेसह नाहीसा झाला. दोन वर्षांनी पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या हाती गेले. अताईद 1581 साली गोव्यात मेला. चौल राखणारा मास्कारेन्यास त्याच साली स्पेनच्या राजाचा पहिला व्हाइसरॉय म्हणून गोव्यात आला. मुर्तझाने 1574 साली वऱ्हाड जिंकून राज्य वाढवले. पण पुढे त्याने राज्यकारभारातून अंग काढून घेतले. लोक त्याला दिवाणा म्हणू लागले, आणि 1588 साली पोटच्या मुलाने त्याला हमामखान्यात कोंडून मारले.

अताईदला नायक करायचे की खलनायक, हा प्रश्न वाचकांकडून येणारच. जर्मनीत प्रॉटेस्टंटांवर तलवार चालवणारा आणि गोव्यात इन्क्विझिशनच्या छत्राखाली राज्य करणारा माणूस आपल्या आदराचा विषय होऊ शकत नाही. तरी त्याच माणसाने ज्याला काफर मानले त्या निजामशहाशी रीतसर तह केला, आणि तहानंतर चौलच्या बंदरात दोन्ही बाजूंचे व्यापारी पूर्वीसारखेच बसले. त्याच्या श्रद्धेला यात विसंगती वाटली नाही. ती आपल्याला वाटते, आणि ती का वाटते याचा विचार करणे हे त्याच्यावर शिक्का मारण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

नावांविषयी एक खुलासा. निजामशाही काळाबद्दल लिहिताना शहराचे तेव्हाचे अहमदनगर, थोडक्यात नगर, हेच नाव ठेवले आहे; आजच्या जिल्ह्याचा उल्लेख अहिल्यानगर असा केला आहे. पोर्तुगीज नावे उच्चाराच्या शक्य तितकी जवळ नेली आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्यात इतिहासाची आवड असलेली मंडळी कमी नाहीत. किल्ल्याची फेरी होते, चांदबिबीच्या महालावर सहली जातात, फराहबागेची चर्चा चालते. यापुढे त्यांपैकी काहींनी घाट उतरून रेवदंडा आणि कोर्लईही पाहावे आणि शाळेतल्या पोरांना निजामशाहीचा नकाशा काढून दाखवताना त्याची पश्चिमेची कड सह्याद्रीच्या माथ्यावर संपवू नये, एवढी अपेक्षा ठेवून हे पुस्तक वाचकांच्या हाती देत आहे.